शेवटच्या वर्षाचा प्रकल्प : विषय निवडावा की अडचण शोधावी?

शिरोरेषा

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून जाते. यंदा दोन महाविद्यालयांतले प्रकल्प पाहून परतताना गाडीत बसल्या बसल्या एक गोष्ट जाणवली, ती येथे मांडावीशी वाटली. बहुतेक प्रकल्पांचे रंग, मांडणी आणि छपाई मला आठवत होती. परंतु तो प्रकल्प कोणासाठी केला होता आणि त्या माणसाचे नेमके काय अडले होते, हे मोजक्याच कामांबाबत सांगता आले असते. 'तुझी कल्पना काय?' असे विचारले की मुले विषय सांगतात. पाणी वाचवा, मोबाइलचे व्यसन, मोडी लिपी, प्लास्टिकबंदी. (राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, त्यानंतरच्या एका प्रदर्शनात त्याच विषयावरची संपूर्ण मोहीम फ्लेक्सवर छापून टांगलेली मी पाहिली आहे. विद्यार्थ्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्याच्या मार्गदर्शकांनाही.)

दोष एकट्या मुलांचा आहे असे मला वाटत नाही. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात १८५७ ची. तेथे व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्ये निघाला आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. जाहिरात कंपन्यांना आणि छापखान्यांना तयार हात हवे होते, ते या विभागाने पुरवले. वर्तमानपत्रातली जाहिरात, पोस्टर, होर्डिंग, वेष्टन, दुकानातली मांडणी अशी जी यादी आजही शेवटच्या वर्षाला मागितली जाते, ती मला त्याच गरजेची खूण वाटते. त्या व्यवहारात अडचण घेऊन ग्राहक दारी येत असे. महाविद्यालयात ग्राहक येत नाही. यादी तेवढी शिल्लक राहते आणि अडचणीच्या रिकाम्या जागी 'विषय' येऊन बसतो.

याच्या उलट उदाहरण म्हणून मी वर्गात नेहमी डेबोरा ॲडलर यांचा प्रकल्प सांगते. त्या न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या, तेव्हाची ही हकिकत आहे. त्यांच्या आजीने चुकून आजोबांचे औषध घेतले. आजीचे नाव हेलन, आजोबांचे हर्मन, म्हणजे आद्याक्षरही एकच. आणि अमेरिकेत औषध दुकानदार ज्या नारिंगी गोल बाटलीत गोळ्या मोजून देतो, ती बाटलीही दोघांची सारखीच. ॲडलर यांनी 'औषधे जपून घ्या' असे पोस्टर काढण्याऐवजी ती बाटली हातात घेतली आणि ती वाचायचा प्रयत्न केला. बाटली गोल असल्यामुळे लेबल फिरवल्याशिवाय पुरते वाचता येत नव्हते. लेबलावर सर्वांत ठळक होते ते दुकानाचे नाव, आणि औषध कोणते व ते किती वेळा घ्यायचे हा मजकूर त्यामानाने बारीक होता. त्यांनी लेबलासाठी सपाट बाजू दिली, औषधाचे नाव आणि घेण्याची रीत वर आणून ठळक केली, आणि घरातल्या प्रत्येक माणसासाठी बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाची कडी सुचवली. पुढे औद्योगिक रचनाकार क्लाऊस रॉसबर्ग यांच्यासोबत बाटलीच्या आकारावर पुन्हा काम झाले, टार्गेट या दुकानसाखळीने २००५ मध्ये 'क्लिअर आरएक्स' या नावाने ती बाजारात आणली आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली.

गोष्ट येथे संपत नाही, आणि पुढचा भाग मुलांना सांगितला जात नाही. टार्गेटने २०१५ मध्ये आपली औषधविक्री सीव्हीएस या कंपनीला विकली आणि त्यानंतर ती बाटली बंद झाली. जुन्या ग्राहकांनी ती परत मागितली, तक्रारी केल्या. एखाद्या वस्तूसाठी माणसे भांडतात, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र कोणता परीक्षक देऊ शकेल?

आपल्याकडे असे प्रकल्प कोणी केले आहेत, पाहिले आहेत, त्यांची कल्पना कोठून आली, याविषयी वाचायला आवडेल.

चौथे_वर्ष

नमस्कार शिरोरेषाताई. आपला धागा वाचून थोडी धडधड झाली, कारण माझा प्रकल्प हाच आहे. 'ज्येष्ठ नागरिक आणि औषधे' असा विषय सरांनी मंजूर केला आहे. मी चार रंगांच्या बाटल्यांचे मॉकअप केले आहेत, झाकणावर सूर्य आणि चंद्र आहेत, आणि सोबत एक बोधचिन्ह, तीन पोस्टर आणि एक ॲप अशी मांडणी ठरली आहे. ॲडलर यांचे काम मी संदर्भ म्हणून दाखवणारच आहे. आता मला असे विचारायचे आहे की या कामात मी त्यांची नक्कल करते आहे असे आपल्याला वाटेल का?

औषधवाला

मी कलेतला माणूस नाही. तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे, आणि मुलगी उपयोजित कला शिकते म्हणून हा धागा वाचला. चौथे_वर्ष, बेटा, नकलेचा प्रश्न बाजूला ठेव. माझ्या दुकानातून गोळ्यांची बाटली घेऊन जाणारा माणूस क्वचितच दिसतो. आपल्याकडे गोळी पाकिटात येते, ज्याला आम्ही आणि गिऱ्हाईक दोघेही स्ट्रिप म्हणतो. तुझ्या बाटल्यांत भरायला गोळ्या कोणी सोलून द्यायच्या? आणि कित्येक गोळ्या ओल लागली की खराब होतात, म्हणूनच त्या एकेक करून बंद केलेल्या असतात.

खरी पंचाईत वेगळी आहे. गिऱ्हाईक पाच दिवसांची औषधे मागते, मी दहाची स्ट्रिप कात्रीने कापतो. किंमत, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख स्ट्रिपवर एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक शेवटपर्यंत दुकानात राहावे म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाकडून कापत येतो, त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात जो तुकडा जातो त्यावर तारीख नसते. कधी कधी नावही अर्धेच उरते. मी तो तुकडा कागदी पाकिटात घालतो आणि वर १-०-१ असे लिहितो, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. घरी गेल्यावर पाकीट केरात जाते आणि तुकडा बिस्किटांच्या डब्यात.

दुसरी गोष्ट अशी की तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले की गोळीचा रंग आणि आकार बदलतो. म्हातारी माणसे नाव वाचत नाहीत, ती 'लांबट पांढरी' आणि 'बारकी गुलाबी' अशा खुणेने ओळखतात. नवी गोळी पाहून कोणी घाबरून घेतच नाही, आणि कोणी जुनी व नवी दोन्ही घेतो. हे मी काउंटरवर रोज पाहतो.

शिरोरेषा

औषधवाला, आपले मनःपूर्वक आभार. चौथे_वर्ष, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर यात आले. ॲडलर यांच्याकडून घ्यायचे असेल तर त्यांची पाहण्याची रीत घ्यावी. त्यांची बाटली अमेरिकेतल्या औषधविक्रीच्या पद्धतीतून आलेली आहे आणि ती पद्धत आपल्या गावात नाही.

कॉपीबहाद्दर

चर्चा चांगली चालली आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. मी वीस वर्षे जाहिरातीत आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. एका मुलाचा पोर्टफोलिओ पाहायला मला दहा मिनिटे मिळतात. त्यात मला अक्षरांतले अंतर नीट राखलेले दिसते का, एकच कल्पना पोस्टरवर आणि मोबाइलच्या पडद्यावर तितक्याच ताकदीने उभी राहते का, हे पाहायचे असते. आपण ज्या यादीला नावे ठेवता, ती यादी हेच शिकवते. माझ्याकडे येणारा मुलगा समाजाची अडचण सोडवून आलेला असावा, अशी माझी अट नाही.

शिवाय अडचण खरी असली म्हणून उत्तर खरे असते असेही नाही. क्रिस्टियान बूर या डच विद्यार्थ्याने २००८ मध्ये उट्रेख्तच्या कलाशाळेतला पदवीचा प्रकल्प म्हणून 'डिस्लेक्सी' नावाचा फॉन्ट केला. त्याला स्वतःला डिस्लेक्सिया ही वाचनातली अडचण होती. अक्षरे उलटीपालटी दिसू नयेत म्हणून त्याने त्यांचा खालचा भाग जड केला आणि बी, डी, पी, क्यू ही रोमन अक्षरे एकमेकांपासून वेगळी दिसतील अशी घडवली. जगभर कौतुक झाले. नंतर संशोधकांनी मुलांना तो फॉन्ट देऊन वाचन तपासले, तेव्हा त्या अक्षररूपांचा स्वतंत्र फायदा आढळला नाही. जो थोडा दिसला होता तो अक्षरांत आणि शब्दांत जास्त सोडलेल्या अंतरामुळे होता, कारण तेवढेच अंतर साध्या फॉन्टला दिल्यावर फरक उरला नाही. हेतू निर्मळ, अनुभव स्वतःचा, हात कसबी, आणि तरीही गृहीतक चुकलेले.

शिरोरेषा

कॉपीबहाद्दर, पोर्टफोलिओविषयी आपले म्हणणे मी अर्धे मान्य करते. अक्षरांतले अंतर ज्याला राखता येत नाही, त्याने समाजाच्या अडचणीला हात घालू नये, कारण त्याचे उत्तर वाचताच येणार नाही. उरलेले अर्धे मान्य नाही, कारण पदवी नोकरीच्या पहिल्या मुलाखतीपुरती नसते.

डिस्लेक्सीचे उदाहरण मात्र आपण फार योग्य ठिकाणी आणलेत. मला त्यात बूर यांचा पराभव दिसत नाही. त्यांनी आपले गृहीतक एका वस्तूत इतके स्पष्ट उतरवले की इतरांना ते तपासता आले. आपल्या शेवटच्या वर्षाच्या वेळापत्रकात तपासणीला जागाच नसते, हे माझे दुखणे आहे. जून-जुलैत विषय, दिवाळीपर्यंत 'संशोधन' (म्हणजे बहुधा इंटरनेटवरून उतरवलेली चित्रे), त्यानंतर स्केचेस, आणि शेवटी छपाईच्या दुकानात काढलेल्या रात्री. एखाद्या विद्यार्थ्याने डिसेंबरात कच्चा नमुना दहा माणसांच्या हातात दिला आणि ती कोठे अडखळली हे लिहून ठेवले, तर ते एक पान मी सनबोर्डावरच्या बारा पॅनेलांपेक्षा अधिक गुण देऊन पाहीन.

मला आठवणारा एक प्रकल्प याच जातीचा होता. एका मुलीने एसटी स्थानकावरील पाट्यांचा विषय घेतला होता. १९४८ मध्ये पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली तेव्हापासूनची पाट्यांची परंपरा, रंगाऱ्यांची अक्षरे, असा सगळा रम्य मजकूर तिच्याकडे तयार होता. परंतु ती दोन आठवडे स्थानकात बसली, आणि तिच्या लक्षात आले की गाडीवरची पाटी वाचूनही माणसे वाहकाला विचारतातच. कारण पाटी शेवटचे गाव सांगते, आणि उतरणाऱ्यांतल्या बहुतेकांचे गाव वाटेवर असते. 'मार्गे' या शब्दापुढची बारीक अक्षरे हीच त्यांच्यासाठी खरी पाटी होती. तिने शेवटच्या गावाचे नाव थोडे लहान केले आणि मार्गावरची तीन नावे मोठी केली. एवढाच बदल. बोधचिन्ह नव्हते, घोषवाक्य नव्हते, आणि एका परीक्षकाने तिला 'काम कमी वाटते' असे म्हटले होते.

जुना_जुळारी

मी हयातभर छापखान्यात खिळे जुळवले. अलीकडे नातवासोबत त्याच्या महाविद्यालयातले प्रदर्शन पाहायला गेलो होतो, तेथे बऱ्याच मुलांनी 'नवा देवनागरी फॉन्ट' हा प्रकल्प केलेला दिसला. आनंद झाला आणि लगेच खट्टूही झालो. बहुतेकांनी अ ते ज्ञ एवढी अक्षरे काढून वर एक शीर्षक लिहिले होते. मी एका मुलाला म्हटले, बाबा रे, मला 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' हे दोन शब्द लिहून दाखव. एक स्वयंपाक करणारा, दुसरा शिकवणारा. त्याच्या फॉन्टात दोन्ही एकच होते.

इंग्रजीच्या केसेत (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत) मावणारी अक्षरे आणि देवनागरीच्या पेट्यांतले काही शे खण, हा फरक ज्याच्या बोटांनी अनुभवला आहे त्यालाच कळतो. अर्धी अक्षरे, रफार, वेलांटीचा लांब-आखूडपणा, ऊकार खाली कोठे बसतो, मराठीचा ल आणि श हिंदीहून कसा वेगळा असतो, हे सगळे आधी सोडवावे लागते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे जे नामांकित टाइप पाडले, त्यामागे ओतकाम करणाऱ्यांची आणि मुद्रा कोरणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. संगणकावर काम सोपे झाले असले तरी विचार तेवढाच करावा लागतो. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा फॉन्ट केला, तो अनेकांना रूक्ष वाटतो. पण मराठी मजकूर पडद्यावर न तुटता उमटू लागला त्यात त्याचा वाटा किती मोठा होता, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाचा 'मुक्त' हा फॉन्ट मुलांनी उघडून पाहावा. तो मोफत मिळतो, आणि त्यात जोडाक्षरे कशी हाताळली आहेत ते पाहणे हाच एक अभ्यासक्रम आहे.

नातू म्हणतो की एका वर्षात एवढे होत नाही. मग चाळीसच अक्षरे कर, पण त्या चाळिसांत ऱ्य असू दे.

शिरोरेषा

जुळारीकाका, तुमच्या मुद्द्याला जोड म्हणून एक आठवण देते. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले, तेव्हा देवनागरी र आणि उभा दांडा नसलेला रोमन आर यांचा मेळ ही 'एका क्षणात सुचलेली' कल्पना असल्यासारखे लिहिले गेले. ते चिन्ह करणारे उदय कुमार त्या वेळी पवईच्या आयआयटीतील आयडीसी या रचनाशिक्षणाच्या विभागात तमिळ अक्षररचनेवर संशोधन करत होते, आणि त्याआधी तेथेच पदव्युत्तर प्रकल्प म्हणून त्यांनी 'पराशक्ती' हा तमिळ फॉन्ट केला होता. तो प्रकल्प फारसा कोणाला ठाऊक नाही. चिन्हात जी शिरोरेषा इतकी सहज वाटते, तिच्यामागे अक्षरांसोबत काढलेली ती वर्षे आहेत.

दफ्तरी

मोडीचा उल्लेख वर झाला म्हणून लिहितो. मी मोडी कागद वाचतो आणि दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी 'मोडीचे पुनरुज्जीवन' घेऊन माझ्याकडे येतात. शेवटी टी-शर्ट, चहाचा मग आणि दिनदर्शिका होते. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या मेळातून मुक्तलिपी घडवली, तो सुलेखनकाराचा स्वतंत्र मार्ग होता आणि त्यामागे हस्तलिखितांचे वाचन होते. केवळ वळण आवडले म्हणून ते मगावर छापणे हे त्याचे अनुकरणसुद्धा नव्हे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, आणि ते वाचणारी माणसे थोडी आहेत. नवशिक्याला अडते कोठे, ते मी सांगतो. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जातो, त्यामुळे एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हेच कळत नाही. छापील मुळाक्षरांचा तक्ता तेथे निरुपयोगी ठरतो, कारण तक्त्यातले अक्षर सुटे असते आणि कागदातले शेजाऱ्याला चिकटलेले. एखाद्या विद्यार्थ्याने चिकटलेल्या जोड्यांचा तक्ता केला, तर मी तो माझ्या वर्गात उद्यापासून वापरीन. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही (संगणकावरील लिप्यांच्या जागतिक संकेतावलीत) जागा आहे, त्यामुळे फॉन्ट करणाऱ्यालाही काम पडलेले आहे. इतकी वर्षे मी हे सांगतो आहे आणि मला भेट म्हणून मग मिळत आहेत. घरात आता सहा झाले.

मांडवीकाठ

गोव्यातून एक नोंद. आमच्या येथे राजभाषा कायद्याने १९८७ मध्ये देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. पण तियात्राची (आमच्याकडच्या कोंकणी संगीत नाटकाची) हस्तपत्रके आणि फलक मात्र बहुधा रोमी, म्हणजे रोमन, लिपीतच असतात. माझ्या एका मैत्रिणीने आल्तिन्होवरच्या कला महाविद्यालयात शिकताना तियात्राची पोस्टरे हा विषय घेतला. प्रथम तिला त्यांचे भडक रंग आणि कलाकारांच्या फोटोंची दाटी 'सुधारायची' होती. चार प्रयोगांना जाऊन आल्यावर तिने तो विचार सोडला, कारण प्रेक्षक तेच फोटो शोधत होते. कोण काम करतो आहे यावर तिकीट घ्यायचे की नाही हे ठरत होते. तिने अखेर रोमी आणि देवनागरी अक्षरे एकाच ओळीत शेजारी बसली तर कोणतेही एक लहान दिसू नये, एवढ्याच प्रश्नावर काम केले. लिपीच्या वादात तिने कोणाचीही बाजू घेतली नाही, आणि तोंडी परीक्षेत सर्वाधिक प्रश्न मात्र तिला त्यावरच आले.

कॉपीबहाद्दर

या धाग्यावर एकटा पडलो तरी एवढे सांगतो की मार्गावरच्या गावांची नावे मोठी करणारी ती एसटीवाली मुलगी मला मुलाखतीला हवी होती.

चौथे_वर्ष

क्षमा असावी, उत्तर द्यायला उशीर झाला. बाटल्यांचे मॉकअप मी बाजूला ठेवले आहेत. सरांना आवडले नाही, पण त्यांनी नाही म्हटले नाही. आमच्या चौकातल्या औषधवाल्या काकांनी तीन संध्याकाळ मला काउंटरच्या आत उभे राहू दिले, आणि नंतर मी आजीकडे जाऊन तिचा डबा पाहिला. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, तेथे हा डबा मी कधी उघडला नव्हता. आजीने रात्रीच्या गोळ्यांच्या तुकड्याला केसांचे काळे रबर गुंडाळले आहे. सकाळच्या तुकड्याचा एक कोपरा दुमडला आहे. अंधारातही बोटांना कळावे म्हणून, असे ती म्हणाली. माझ्या सूर्य-चंद्राच्या झाकणांना दिवा लावावा लागला असता.

आता असे योजते आहे की औषधांच्या कागदी पाकिटालाच एक फाडता येणारी चिकटपट्टी असावी. दुकानदार तिच्यावर वेळ आणि मुदतीची तारीख लिहील आणि स्ट्रिपच्या तुकड्याला चिकटवील. रात्रीच्या पट्टीच्या कडेला दाते असतील, सकाळची कड सरळ असेल. औषधवालाकाका, हे काउंटरवर जमेल का?

औषधवाला

संध्याकाळी सात ते नऊ गर्दी असते, तेव्हा तारीख लिहायला मला वेळ नाही. ती दुपारी लिहून ठेवता येईल का ते बघ. पाकीट मी गिऱ्हाइकाला फुकट देतो, त्यामुळे ते महाग झाले तर कोणताच दुकानदार घेणार नाही. हाताला चिकटणारा गोंद वापरू नकोस, आणि छापलेल्या गोळीच्या नावावर पट्टी येणार नाही एवढी ती अरुंद ठेव. पन्नास पाकिटे करून पाठव, आठवडाभर वापरून कोणी काय म्हटले ते लिहून कळवतो. आणि 'रात्री' हा शब्द जरा मोठा छाप, माझ्याही चष्म्याचा नंबर वाढला आहे.